वर्ग वस्तीवर आला, आवाज वाटेत राहिला



आज पीकपाण्याचे काही सांगणार नाही. डाळिंबाची छाटणी, मक्यावरची लष्करी अळी, कांद्याचे बियाणे हे विषय या पानावर येतच राहतील. आज थोडे शिकवण्याच्या अवजारांविषयी बोलायचे आहे. पाभरीच्या नळ्यात माती अडकली तर बी कितीही चांगले असो, ते तास रिकामे जाते. हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. मोबाईलवरून कॉलेज शिकवण्याचे नेमके तसेच झाले आहे. शिकवणारे चांगले आहेत, शिकणारे तयार आहेत आणि नळ्यात माती आहे.

२०२० च्या पावसाळ्यातली गोष्ट. मंगळवेढा तालुक्यातल्या एका वस्तीवर डाळिंबाची बाग बघायला गेलो होतो. शेततळ्याच्या भरावावर एक मुलगी वही घेऊन बसलेली दिसली. खाली घरात रेंज नव्हती, म्हणून ती वर चढून बसली होती. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. हातात वडिलांचा मोबाईल, डोक्यावर ऊन. विचारले, काय चालले आहे? म्हणाली, "साहेब, सर बोलायलेत, पण नुसतं घुमायलंय. काय बोलायलेत ते कळंना झालंय." मी फोन कानाला लावून पाहिला. एका रिकाम्या मोठ्या खोलीत प्राध्यापक फळ्यापाशी उभे राहून मनापासून शिकवीत होते. त्यांचा लॅपटॉप मात्र दहा-बारा फुटांवर टेबलावर होता. आवाज भिंतीवर आपटून परत येत होता, वर पंखा घरघरत होता. फळ्यावरचे अक्षर तर मुंगीएवढे. तेवढ्यात वडील आले आणि फोन मागू लागले. त्यांना कांद्याची गाडी घेऊन सोलापूरच्या बाजार समितीत जायचे होते. वर्ग तिथेच संपला.

पुढल्या वर्षी त्या मुलीने फॉर्म भरला नाही. कॉलेज कोणते ते लिहीत नाही, कारण त्या वर्षी थोड्याफार फरकाने सगळीकडे हेच चालले होते. त्या प्राध्यापकांचाही दोष म्हणता येणार नाही. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी झाली आणि त्यांच्या हातात एकाएकी हे नवे अवजार आले. ट्रॅक्टर दिला, पण चालवायला शिकवले नाही, अशी गत.

आता कोणी म्हणेल, टाळेबंदी गेली, कॉलेजे भरू लागली, जुने उकरून काय काढता? पण बंधूंनो, तो विषय संपलेला नाही. केंद्र सरकारचे 'स्वयं' हे ऑनलाईन शिक्षणाचे व्यासपीठ २०१७ साली सुरू झाले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार एखाद्या सत्रातल्या ४० टक्क्यांपर्यंत विषयांचे श्रेयांक विद्यार्थ्याला स्वयंवरून मिळवता येतात. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ तर १९८९ पासून नोकरी-शेती सांभाळून शिकणाऱ्यांसाठीच आहे. आपल्या जिल्ह्याला २००४ साली स्वतःचे विद्यापीठ मिळाले. पण करमाळ्याच्या पोराला सोलापूर अजून शंभरावर किलोमीटर लांबच आहे. सुगीच्या दिवसात, लगनसराईत, घरात कोणी आजारी पडले की ज्याचे कॉलेज आधी बुडते तो विद्यार्थी आपल्याच गावातला असतो. विद्यार्थी म्हणण्यापेक्षा विद्यार्थिनी म्हणतो, कारण घरी थांबायची वेळ आली की आधी पोरीला थांबवतात. नाक मुरडू नका, हे आपण सगळे जाणतो.

म्हणून माझे म्हणणे सरळ आहे. गावाकडच्या विद्यार्थ्यासाठी थेट ऑनलाईन वर्ग फारसा कामाचा नाही. ध्वनिमुद्रित करून ठेवलेला धडा कामाचा आहे. त्या धड्यात पहिला पैसा आवाजावर खर्चला पाहिजे, दुसरा उजेडावर, आणि मग काही उरलाच तर कॅमेऱ्यावर. सध्या मात्र उलटे चालले आहे. भिंतीएवढा चकचकीत पडदा घेतला जातो, त्याचा फोटो पेपरात येतो, आणि माईकला पैसे नसतात.

दुरून शिकवण्याचा हा प्रकार आपल्या भागाला नवा नाही. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असे वर्षभर देशातल्या सहा राज्यांत सुमारे २,४०० गावांमध्ये उपग्रहावरून टीव्ही दाखवण्याचा प्रयोग झाला. 'साईट' म्हणतात त्याला. महाराष्ट्र त्यात नव्हता, पण आपल्या शिवेपलीकडचे विजापूर आणि गुलबर्गा हे जिल्हे होते. उपग्रह अमेरिकेचा, एटीएस-६ नावाचा. गावात जी छत्री उभारली ती कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची होती! शाळेतल्या मुलांसाठी सकाळी आणि मोठ्यांसाठी संध्याकाळी शेती, आरोग्य असे कार्यक्रम लागत. वर्ष संपले, अमेरिकेने आपला उपग्रह परत वळवला आणि गावात मागे राहिला तो डबा. त्या कार्यक्रमातले एक अक्षर गावाजवळ साठवलेले नव्हते. नंतर १५ ऑगस्ट १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने दूरदर्शनवर कॉलेजच्या मुलांसाठी कार्यक्रम सुरू केले. पुण्याच्या विद्यापीठातही त्यासाठी चित्रीकरणाचे केंद्र निघाले. ते चांगले होते, पण वेळ त्यांची, भाषा बहुतेक इंग्रजी, आणि लाईट गेली की धडा गेला. आज तुमच्या खिशातल्या मेमरी कार्डात जेवढे मावते तेवढे त्या काळी एका स्टुडिओच्या कपाटात मावत नव्हते. धडा गावात साठवता येतो हा खरा फरक आहे, आणि नेमका तोच आपण वापरत नाही.

नाही म्हणायला एक माणूस आपल्याच जिल्ह्यात होऊन गेला, म्हणजे आहे, ज्याने हे ओळखले. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी. ३ डिसेंबर २०२० ला त्यांना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार जाहीर झाला आणि त्यांनी अर्धी रक्कम अंतिम यादीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांत वाटून टाकली. ते पैशाचे सगळ्यांना माहीत आहे, पण त्यांनी केले काय ते फार थोड्यांना नीट ठाऊक असते. त्यांनी पाठ्यपुस्तकात चौकटीचे ठिपके, म्हणजे क्यूआर कोड टाकले. मोबाईल त्यावर धरला की कवितेचा आवाज, धड्याची चित्रफीत, गृहपाठ समोर. यात थेट वर्ग नाही, वेळेचे बंधन नाही. घरचा एकुलता एक फोन संध्याकाळी रानातून परत आला की मग पोरगी धडा लावणार. शाळा गोठा आणि गोदाम यांच्या मध्ये भरत होती अशा गावात हे झाले. प्राथमिक शाळेला जमले ते पदवीच्या वर्गाला का जमू नये?

आता अवजारांकडे वळू. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही, ठेचा खाऊन शिकलो आहे. २०२० मध्ये आमच्या शेतकरी बैठका बंद पडल्या तेव्हा डाळिंबावरच्या तेल्या रोगाची माहिती मोबाईलवर देण्याचे मी मनावर घेतले. पहिला कार्यक्रम थेट केला. फुकटातल्या सोयीत चाळीस मिनिटे झाली की बैठक आपोआप बंद पडते, हे मला माहीत नव्हते. औषधाचे प्रमाण सांगायच्या ऐन वेळी सगळे बंद! दुसऱ्या वेळी बागेत उभा राहून मुद्रण केले. घरी येऊन ऐकले तर माझ्या आवाजापेक्षा वारा मोठा. तिसऱ्या वेळी खोलीत केले, तर मध्येच बायकोच्या माहेरचा फोन आला आणि मुद्रण तिथेच तुटले. फोन 'विमान' खुणेवर टाकून मग मुद्रण सुरू करायचे असते, हे शहाणपण त्या दिवशी आले.

आवाजाचे गणित फवारणीच्या नोझलसारखे आहे. नोझल पानापासून लांब गेला की औषध वाऱ्यावर जाते. मोकळ्या जागेत तोंड आणि माईक यांच्यातले अंतर दुप्पट झाले की पोहोचणारा आवाज चौथाई होतो. म्हणून माईक तोंडापासून वीतभर अंतरावर, शर्टाच्या दुसऱ्या गुंडीपाशी हवा. वायरचा कॉलर माईक हजार रुपयांच्या आत मिळतो. नव्या फोनना गोल पिनेचे भोक नसते, तेव्हा दुकानात टाईप-सी पिनेचा माईक मागा. तोही नसेल तर दुसरा जुना मोबाईल खिशात ठेवून त्यात आवाज मुद्रित करा आणि नंतर चित्राला जोडा. बागेत मुद्रण असेल तर माईकवर स्पंजाची टोपी हवी, नसेल तर लोकरीचा तुकडा गुंडाळला तरी वाऱ्याचा फरफराट कमी होतो.

खोलीचे म्हणाल तर सिमेंटच्या रिकाम्या खोलीइतका आवाजाचा शत्रू नाही. शहरातले लोक त्यासाठी भिंतींना महागाचे फोम लावतात. आपण सोलापूरकर आहोत, आपल्याकडे चादरी आहेत. बोलणाऱ्याच्या समोर आणि पाठीमागे दोन-दोन जाड सोलापुरी चादरी दोरीवर टाकल्या, खाली सतरंजी अंथरली, पंखा बंद केला की तीच खोली निम्मी शांत होते. धान्याची पोती रचलेली खोली त्याहून उत्तम. पत्र्याच्या खोलीत पावसात मुद्रण करू नका, ते एवढ्यासाठी सांगतो की मी केले आहे.

उजेडाला खर्च नाही. खिडकी बोलणाऱ्याच्या समोर हवी, पाठीमागे नको. पाठीमागे असली की माणसाचा काळा ठोकळा दिसतो. फोन आडवा धरायचा आणि मागचा कॅमेरा वापरायचा. पुढचा, म्हणजे स्वतःचा फोटो काढायचा, बहुतेक फोनात हलका असतो. आधी भिंग रुमालाने पुसा. हसू नका, निम्म्या चित्रफिती तेलकट बोटांमुळे अंधुक असतात.

फळ्याचे काय? फळा लांबून दिसत नाही. त्यावर मला सापडलेला उपाय असा. दोन रिकामे तेलाचे डबे घ्या, त्यावर आडवी फळी ठेवा, फळीला रुपयाएवढे भोक पाडा, भोकावर कॅमेरा येईल असा फोन पालथा ठेवा. खाली कोरा कागद आणि जाड पेन. आता लिहीत लिहीत बोला. बघणाऱ्याला तुमचा हात, अक्षर आणि आकृती दिसते, तोंड दिसले नाही म्हणून काही बिघडत नाही. तेल्याचे पान मी असेच दाखवले. मात्र पान कागदावर न ठेवता काचेच्या तुकड्यावर ठेवून खालून बॅटरीचा उजेड दिला, तेव्हा तो तेलकट, पाणी मुरल्यासारखा डाग आणि भोवतीची पिवळी कड जशी दिसली तशी बांधावर उभे राहूनही दाखवता येत नाही. केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांसमोर बसायला प्रत्येकाला जमत नाही. असे पान मात्र प्रत्येकाच्या फोनात जाऊ शकते. ज्या प्राध्यापकांकडे संगणक आहे त्यांनी 'ओबीएस स्टुडिओ' नावाची फुकटची प्रणाली घालून घ्यावी. पडदा, कॅमेरा आणि माईक तिन्ही त्यात एकत्र मुद्रित होतात.

हा गरिबाचा जुगाड आहे असे कोणाला वाटेल, तर एक अभ्यास सांगतो. २०१४ साली अमेरिकेत एडेक्स या ऑनलाईन शिक्षणसंस्थेच्या धड्यांवर संशोधन झाले. चित्रफिती ६९ लाख वेळा पाहिल्या गेल्या त्याची नोंद तपासली. निष्कर्ष काय, तर सहा मिनिटांपेक्षा लांब धड्यात विद्यार्थी टिकत नाही. हाताने लिहीत समजावलेला धडा नुसत्या छापील पट्ट्या दाखवण्यापेक्षा जास्त बघितला जातो. आणि महागड्या स्टुडिओतल्या धड्यापेक्षा टेबलापाशी बसून साधेपणाने बोलणारा शिक्षक जास्त धरून ठेवतो. वर्गातले तासाभराचे भाषण नुसते मुद्रित करून त्याचे तुकडे पाडले तर त्यात राम राहत नाही, तुकड्यासाठी धडा मुळातच तसा बांधावा लागतो, हेही त्यात निघाले. म्हणजे आपले डबे-फळी फार चुकीच्या वाटेवर नाहीत.

आता डेटाचा हिशेब. तासाभराची चांगल्या दर्जाची चित्रफीत जीबीभर खाते. कमी दर्जाची केली तर पाव ते अर्धा जीबी. नुसता आवाज ६४ केबीपीएसवर ठेवला तर तासाला २९ एमबीच्या आसपास. ज्या घरात रोज दीड जीबीचा एकच पॅक आहे आणि त्यात दोघे-तिघे शिकणारे आहेत, तिथे तीन तासांचा थेट वर्ग बसतच नाही. प्रत्येक धड्याची एक चित्रफीत आणि तोच धडा नुसत्या आवाजात, असे दोन्ही ठेवावे, ही प्राध्यापक मंडळींना विनंती. इतिहास, मराठी, अर्थशास्त्र हे विषय मुलगी खुरपता खुरपता ऐकू शकते. वनस्पतिशास्त्राच्या आकृत्यांना चित्र लागते, तेवढेच ती रात्री बघेल. शेतावरच्या वस्तीला लाईट शेतीच्या फिडरवरून येते, तिथे आठवडा दिवसाचा की रात्रीचा यावर मोटार चालते. सकाळी अकराचा थेट वर्ग त्या वेळापत्रकात कसा बसवायचा?

प्राध्यापकांच्या दोन शंका माझ्या कानावर आल्या आहेत, आणि त्या खोट्या नाहीत. एक, मुद्रण केले की चूक कायमची राहते आणि कोणीही तो तुकडा काढून टिंगल करतो. यावर उपाय म्हणजे धडा लहान ठेवणे. सहा मिनिटे पुन्हा मुद्रित करणे जड नाही. विद्यार्थ्यांचे, विशेषतः मुलींचे चेहरे आणि नावे मात्र त्यात येता कामा नयेत. प्राध्यापकाला न विचारता कोणी धडा पुढे पाठवायचा नाही, हेही पाळले पाहिजे. दुसरी शंका जास्त मोठी आहे. मुद्रित धड्याला प्रश्न विचारता येत नाही. खरे आहे, आणि म्हणूनच मी धड्याच्या जोडीला आठवड्यातून एक तास फोनवर मागतो. चित्र नको, साधा आवाजाचा फोन, पाच-सहा जण एकत्र जोडून. किसान कॉल सेंटर २००४ पासून नुसत्या आवाजावर चालते. १८००-१८०-१५५१ ला फोन लावून तुमच्यापैकी कितीतरी जणांनी कीड-रोगाचे विचारले असेल. आवाजावर किडीचे निदान विचारता येते, तर धड्यातला प्रश्नही विचारता येईल. नोकरी जाण्याची भीती मात्र कोणी बाळगू नये. मुद्रित धडा शंकेला उत्तर देत नाही, वही तपासत नाही, आणि पोरगी गैरहजर का राहिली म्हणून घरी फोनही करत नाही.

राहता राहिला शेवटचा टप्पा, धडा गावात पोहोचवण्याचा. इथे सरपंच आणि भाऊसाहेब मंडळींशी थेट बोलतो. पूर्वी मोबाईल शॉपीत दहा-वीस रुपयांत कार्डात गाणी भरून मिळायची, आठवते? तसेच धडे भरून द्यायचे. ग्रामपंचायतीच्या वाचनालयात किंवा शाळेच्या एका खोलीत एक जुना पण चालता संगणक आणि एक टीबीची हार्डडिस्क ठेवा. तासाला ३०० एमबी धरले तर त्यात तीन हजारांवर तासांचे धडे मावतात. महिन्यातून एकदा कॉलेजातून नवे धडे पेनड्राईव्हवर आणायचे, मुलांनी येऊन आपापल्या फोनात भरून न्यायचे. इंटरनेट असले तर उत्तम, नसले तरी अडत नाही. खोलीत चार खुर्च्या, दोन हेडफोन, बॅटरीवर चालणारा दिवा. पोरींना निर्धास्त बसता येईल अशा वेळा ठरवून द्या आणि त्या वेळी तिथे पत्ते खेळणारे येणार नाहीत एवढे बघा. वित्त आयोगाच्या अबंधित निधीतून शिक्षण आणि वाचनालय यावर खर्च करता येतो. गावाच्या विकास आराखड्यात विषय असला की झाले. एका हायमास्ट दिव्याला जे पैसे लागतात त्यापेक्षा हे स्वस्त आहे. हायमास्ट आधी बसवलाच असेल तर त्याचा बल्ब बदलायचे तेवढे बघा, आमच्या भागात निम्मे बंद आहेत.

कॉलेजच्या संचालक मंडळात आपल्यातले बरेच शेतकरी पुढारी आहेत, त्यांनाही एक सांगतो. खरेदीचा ठराव समोर आला की कंपनीच्या माणसाला त्याच्या यंत्रावर पाच मिनिटांचा धडा मुद्रित करायला सांगा. मग तो धडा गावातल्या सगळ्यात स्वस्त मोबाईलवर, हेडफोन न लावता, गोठ्यापाशी उभे राहून ऐका. कळला तर सही करा.

आणि ज्यांना गावात खोली करायची आहे त्यांनी विषय ग्रामसभेच्या आधी लेखी देऊन विषयपत्रिकेत घालून घ्यावा. ऐनवेळच्या विषयात टाकला तर तो चहाबरोबर संपतो, हा माझा अनुभव आहे.